नवे वर्ष, जुने गाव

आमच्या घरात वर्ष चार वेळा बदलते. मोहरमचा चाँद दिसला की हिजरी सन बदलतो. चैत्रात शेजाऱ्यांच्या गॅलरीत गुढी उभी राहिली की शालिवाहन शक पालटतो. ३१ मार्चला कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजून होतो आणि कंपनीचे वर्ष बदलते. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री सगळ्या जगाबरोबर भिंतीवरचे कॅलेंडर बदलते. यातले तुमचे नवे वर्ष कोणते, असे कोणी विचारले तर आम्हाला चटकन उत्तर देता येत नाही. तुमचे गाव कोणते, या प्रश्नालाही येत नाही. दर डिसेंबरला हे दोन्ही प्रश्न बरोबरच येतात.

२०२५ सालात तर या सणा-वर्षांची मोठी गर्दी झाली. ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा होता, दुसऱ्या दिवशी सोमवारी रमजान ईद, आणि तोच दिवस कंपन्यांच्या हिशेबाचा शेवटचा. भोसरीच्या आमच्या गल्लीत रविवारी श्रीखंडाच्या वाट्या आल्या आणि सोमवारी त्याच वाट्यांतून शिरखुर्मा गेला. ईदची नमाज झाल्यावर गल्लीतले दोघे-तिघे नव्या कपड्यांनिशी तसेच स्टॉक मोजायला कंपनीत गेले. पुढे ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकाच दिवशी आली. तुकोबांची पालखी त्याआधी जूनमध्ये आकुर्डीचा मुक्काम करून पुढे गेली होती. देहूतून निघालेली ही पालखी वाटेत अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते आणि मग ती पुढे निघते. या भागात नव्याने आलेल्या माणसाला आम्ही हे आवर्जून सांगतो. आम्ही आलो तेव्हा आम्हालाही ते असेच कोणीतरी सांगितले होते.

आता आम्ही कोण ते सांगायला हवे. आम्ही म्हणजे नवरा-बायको, एक मुलगी, एक मुलगा आणि वर्षातले दहा महिने आमच्याकडे राहणाऱ्या अम्मी. मूळचे उस्मानाबाद जिल्ह्यातले, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले. पुढे आमचा तालुका लोहारा झाला आणि २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला. शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे, एस.टी.च्या पाटीवर धाराशिव. जुनी माणसे बोलण्यात पूर्वीही धाराशिव म्हणत, त्यामुळे ते नाव कानाला नवे नाही. एवढेच वाटते की, आपण बाहेर असताना आपल्या पत्त्याच्या ओळी एकेक करून बदलत गेल्या आणि आपल्याला ते वर्तमानपत्रातून कळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची जड माळवदे, अशी आमच्याकडची घरे. ती झोपलेल्या माणसांवर बसली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. आमच्या घरातलीही माणसे गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या भागातल्या प्रत्येक घराकडे सांगायला तेच आहे.

नंतर सरकारने कित्येक गावे उठवून दुसरीकडे वसवली. जागतिक बँकेचे कर्ज आले, आखीव रस्ते आले, सिमेंटची घरे आली. तेव्हापासून आमच्या बोलण्यात दोन गावे आहेत, जुने गाव आणि नवे गाव. नव्या गावात घर मिळाले, शाळा आली, पुढे मशीदही उभी राहिली. कब्रस्तान मात्र जुन्या गावाजवळच राहिले. कोणी गेले की जनाजा नव्या गावातून निघतो आणि जुन्या गावाकडे जातो. मोहरमची सवारीही अजून जुन्या गावाच्या वेशीपर्यंत जाऊन येते. ती उचलायला मराठ्यांची, लिंगायतांची पोरे असतात, पूर्वीपासून असतात.

म्हणजे आमचे परदेशीपण भोसरीला आल्यावर सुरू झाले असे म्हणता येणार नाही. ते त्याआधीच, जुन्या गावापासून दोन किलोमीटरवर सुरू झाले होते. भोसरी हा दुसरा मुक्काम. १९९४ च्या जानेवारीत मामूंच्या मागोमाग आम्ही दोघे भाऊ इथे आलो.

त्या वेळी इथे येणाऱ्याच्या हाताला काम होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. इथले लोक तिला अजून ‘एच.ए.’ म्हणतात. १९६२ मध्ये एम.आय.डी.सी. स्थापन झाली. बजाज आली, टेल्को आली आणि त्यांना लागणारे सुटे भाग बनवणारी लहान-मोठी वर्कशॉप भोसरी-चिंचवडला निघाली. मोठ्या कंपनीत ‘परमनंट’ असणे ही त्या काळी मुलीच्या बापाला सांगायची पहिली गोष्ट होती. आम्ही लहान वर्कशॉपमधले. पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग दाबून काढायचे. प्रेसवाल्याची बोटे मोजली की त्याची नोकरी किती वर्षांची ते कळते, असे इथे थट्टेने म्हणतात. आमची दहाही शाबूत आहेत, अल्लाहचे शुक्र.

मग कारखाने उत्तरेला सरकले. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाजमधले दुचाकींचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज सुरू झाल्या. ज्या चाकणला आम्ही कांद्याच्या बाजारासाठी ओळखत होतो, शाळेच्या पुस्तकात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध लढवलेल्या किल्ल्यासाठी ओळखत होतो, ते आता तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकसाठी ओळखले जाऊ लागले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या खेड्यांची नावे कंपन्यांच्या पत्त्यांवर गेली. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. एवढी माणसे दहा वर्षांत जन्माला येत नाहीत. ती बाहेरून येतात. फाळणीनंतर सिंधी बांधव पिंपरी कॅम्पात आले. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली, सोलापूरकडची माणसे आली. भूकंपानंतर आम्ही आलो. आमच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशाची मुले आली.

आलेला प्रत्येक जण एक वाक्य बरोबर आणतो, ‘अजून एक-दोन वर्षे, मग परत.’ आम्हीही आणले होते. पहिल्या वर्षी नव्या गावातल्या घराला फरशी बसवायची होती. दुसऱ्या वर्षी बहिणीचे लग्न. मग अब्बांच्या डोळ्याचे ऑपरेशन, मग शेतात बोअर. भाऊ तीन वर्षांत परत गेला आणि शेती बघू लागला. तिथले तो सांभाळतो, पैशाचे आम्ही बघतो. दर ३१ डिसेंबरला जमा-खर्च मांडायचा आणि परतीचे साल एका वर्षाने पुढे ढकलायचे. असे बत्तीस डिसेंबर झाले.

मुलगी पॉलिटेक्निक झाली आणि चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागली. तिच्याकडे परदेशी साहेब लोक आहेत. वर्षअखेरचा शटडाऊन जवळ आला की ते नाताळासाठी मायदेशी जातात. तिकडच्या मुलांसाठी इथल्या वस्तू घेतात, बॅगांचे वजन करतात. त्यातल्या एकाने तिला सांगितले की, दोन वर्षांसाठी आलो होतो, पाच झाली. मुलगा आता स्वतःच्या भाषेत चुका करतो, बायको म्हणते परत जाऊ. मुलगी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा अम्मींना वाटले, आपल्याच गल्लीतल्या कोणाबद्दल बोलते आहे.

“त्यांना एक्स्पॅट म्हणतात,” मुलगी म्हणाली.

“आणि आपल्याला?”

“आपल्याला मायग्रंट. स्थलांतरित.”

“फरक काय?”

थोडा विचार करून ती म्हणाली, “त्यांचं घरभाडं कंपनी देते.”

हा फरक लहान नाही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा दोघांच्याही मनात एकच हिशेब चालत असणार. कोकणातले आपले लोक सत्तरच्या दशकापासून आखातात गेले. दुबई, कुवेत, मस्कतच्या पगारावर रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत दुमजली घरे उभी राहिली आणि त्यांतली कित्येक वर्षातले अकरा महिने कुलूपबंद राहिली. त्यांच्या विरहावर आपल्याकडे कथा आल्या, कविता आल्या. ते दर्यापार गेले होते. त्यांच्या हातात पासपोर्ट होता आणि पासपोर्टावर मुदत होती. मुदत संपली, काम सुटले की परत यावेच लागे. आम्ही नुसती भीमा ओलांडून आलो. आम्हाला कोणी मुदत घातली नाही, म्हणून आमचे परतणे कायम पुढच्या वर्षावर राहिले.

आपल्याकडे नव्या माणसाचे नाव विचारून झाले की गाव विचारतात. चांगली रीत आहे. ओळख निघते, एखादा पाहुणा निघतो, चहा होतो. पण आमचे नाव सांगून झाल्यावर येणारा ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न जरा वेगळ्या आवाजात येतो. उमरगा म्हटले की, ‘नाही, मूळ गाव?’ असा दुसरा प्रश्न येतो. मूळच आहे हो. आजोबांचे नाव त्याच शिवारातल्या सातबाऱ्यावर आहे. कधी कधी ‘मराठी छान बोलता’ अशी शाबासकीही मिळते. ज्या भाषेत आम्ही पाढे पाठ केले त्या भाषेबद्दलच्या शाबासकीचे काय करायचे, ते आम्हाला कळत नाही.

२००८ मध्ये जरा मोठे घर भाड्याने घ्यायचे ठरवले. एका ठिकाणी सगळे जमले. टोकन द्यायच्या वेळी नाव कळले आणि मालकांकडे अचानक पाहुणे राहायला येणार असल्याचे निघाले. दुसरीकडे ‘कमिटी’ आडवी आली. आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी नाही, म्हणून ती इथेच सोडतो. तिसऱ्या ठिकाणी घर मिळाले ते एका मूळच्या भोसरीकराचे. त्यांची शेती कारखान्यांत गेलेली. ते म्हणाले, “आमची जमीन गेली, तुमचं गाव गेलं. भाडं वेळेवर देत जा म्हणजे झालं.” तेव्हापासून आम्ही त्यांच्याच घरात आहोत. श्रीखंडाची वाटी येते ती त्यांच्याकडून.

२०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला. वर्कशॉप बंद, पगार बंद. मे महिन्यात पास काढून आम्ही गावी गेलो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आम्हाला चौदा दिवस शाळेत ठेवले. ‘पुण्याची माणसं आलीत’ असे म्हणत पोरे लांबून बघत होती. भोसरीत आम्ही उमरग्याचे आणि गावात पुण्याचे. त्या वर्षीची रमजान ईद त्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. भावाने शिरखुर्म्याचा डबा फाटकापाशी ठेवला आणि दहा पावले मागे जाऊन उभा राहिला. त्याला बोल लावण्यासारखे काही नव्हते, नियमच तसा होता. दोन्ही बाजूंनी सलाम झाला. त्याने तोंडावरचा रुमाल काढला नाही, पण डोळे पुसलेले आम्हाला दिसले. जुलैत वर्कशॉप उघडले आणि फोरमनचा फोन आला, “कधी येताय?” इतकी वर्षे हा प्रश्न आम्हाला फक्त गावाहून यायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा भोसरीहून आला.

२०२५ सरून २०२६ लागले त्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिका निवडणुकीचा प्रचार चालू होता. २०१७ नंतर नऊ वर्षांनी, १५ जानेवारीला मतदान व्हायचे होते. रात्री बारा वाजता वाजलेले फटाके नव्या वर्षाचे की उमेदवारांचे, ते कळत नव्हते. कार्यकर्ते मतदार यादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या वाटत होते. गल्लीतल्या निम्म्या घरांत चिठ्ठ्या आल्या नाहीत, कारण त्यांची नावे अजून गावच्या यादीत. नळाला पाणी किती वाजता येणार, शाळेत शिक्षक किती, दवाखान्यात औषध आहे की नाही, हे इथे ठरते आणि मत तिकडे पडते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गावाहून जीप येते आणि मतदार भरून नेते. इथे त्यांना न्यायला कोणी येत नाही, कारण त्यांचे नावच नाही. आम्ही आमची नावे २००९ मध्येच इकडे आणली. अब्बांना ते लागले होते. “नाम काटके लेके गया?” एवढेच ते म्हणाले आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

या पट्ट्यात डिसेंबर हा हिशेबाचा महिना, तसा धास्तीचाही. तळेगावच्या जनरल मोटर्समधले उत्पादन थांबले ते २०२० च्या डिसेंबरातच. तीच जागा पुढे ह्युंदाईने घेतली आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. मधल्या पाच वर्षांत जुन्या कामगारांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी द्यायची, असे त्यांत आहे. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा मात्र १०० कामगारांवरून ३०० वर गेली आणि म्हणून संघटनांचा त्यांना विरोध आहे. दोन्ही बाजूंचे आम्ही वाचतो. पण चाकणला पहाटेच्या बसला लटकणाऱ्या पोरांचा प्रश्न याहून साधा आहे. सलग २४० दिवस भरले तर कायद्याने हक्क लागू होतात, म्हणून सहा-सात महिने झाले की त्यांना ‘ब्रेक’ मिळतो. त्यांचे वर्ष बारा महिन्यांचे नसतेच. ते सात महिन्यांचे असते. त्यांचे नवे वर्ष ब्रेकनंतर लागते, दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या रंगाच्या शर्टात. आमची मुलगीही सध्या त्याच मोजणीत आहे.

पुढे आणखी एक मोजणी आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती २०२७ मध्ये ठरली आहे. २०११ ला आमच्याकडे शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. जन्म कुठला? याआधी कुठे राहत होता? इथे किती वर्षे? गाव सोडण्याचे कारण? काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न असे पर्याय होते. भूकंप त्यात नव्हता, ‘इतर’ होते. मातृभाषेच्या रकान्यापाशी बाईंनी न विचारताच ‘उर्दू’ लिहायला घेतले. घरात आम्ही दखनी बोलतो, हिशेब मराठीत करतो, नमाज अरबीत पढतो. उर्दू वाचता येते ती एकट्या अम्मींना. “बाई, मराठी लिहा,” म्हटले. त्यांनी एकदा वर पाहिले आणि मराठी लिहिले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण हे व्यासपीठावरून सांगत आलो. ते दारात पेन घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही सांगायला हवे. २०२७ ला आमची मुलगी जन्मठिकाण सांगेल पिंपरी. तिला त्यासाठी क्षणभरही थांबावे लागणार नाही.

थांबतात त्या अम्मी. अब्बा २०१६ मध्ये गेले. जुन्या गावाजवळच्या कब्रस्तानात, बाभळीखाली त्यांची कबर आहे. थंडी पडली की अम्मींचा दमा उसळतो आणि मग त्या ते बोलतात. “मेरेकू कुछ हुआ तो गावकूच लेके जाव.” साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. मय्यत लवकर दफन करावी, असा आपल्याकडे दंडक आहे. जिथे मौत आली तिथली माती, असे जमातीतले जाणते लोक सांगतात. भोसरीला कब्रस्तान आहे, गल्लीतले कितीतरी जण तिथे आहेत. हे सगळे अम्मींना माहीत आहे.

या डिसेंबरात आम्ही हिजरी सनाचा फार विचार केला. हा सन पैगंबरांच्या (स.) जन्मापासून मोजत नाहीत, पहिल्या वहीपासून मोजत नाहीत आणि मक्का हाती आली तेव्हापासूनही मोजत नाहीत. तो मोजतात मक्का सोडून मदिनेला गेल्यापासून, इसवी सन ६२२ पासून. हजरत उमर यांच्या खिलाफतीत सन कुठून धरायचा याचा विचार झाला तेव्हा हिजरतच धरली गेली. ज्या समाजाच्या वर्षांची मोजणी गाव सोडण्यापासून सुरू होते, त्याला परगावी राहणाऱ्याचे मन वेगळे समजावून सांगावे लागू नये.

पुढची गोष्ट आपण मिलादच्या बयानात अनेकदा ऐकलेली आहे. मदिनेच्या अन्सारांनी आलेल्या मुहाजिरांना घरात घेतले, बागा आणि उत्पन्न वाटून दिले. आठ वर्षांनी मक्का हाती आली. जन्मगाव परत मिळाले. तेव्हा अन्सारांच्या मनात शंका आली की, आता हे आपल्या गावी, आपल्या माणसांत राहणार. पैगंबरांनी (स.) त्यांना दिलासा दिला की, माझे जगणे तुमच्यात आणि मरणेही तुमच्यात. ते मदिनेला परतले. ६३२ मध्ये तिथेच त्यांचा विसाल झाला आणि तिथेच ते विसावले. मक्केवरचे प्रेम त्यामुळे उणे झाले नाही. जगभरचे मुसलमान अजून नमाजला मक्केकडेच तोंड करतात. तरी रौजा आहे मदिनेत. परत जाणे शक्य असतानाही ज्यांनी आसरा दिला त्यांच्यात राहणे, याला गाव विसरणे म्हणत नाहीत. आमच्यासारख्यांना धीर देणारी ही मोठी गोष्ट आहे.

हे अम्मींना सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “हौ. पर तेरे अब्बा वां अकेले हैं ना.”

यावर काय बोलणार? नव्या वर्षाच्या पहिल्या जुम्म्याला आम्ही दोघांनी बसून ठरवले. अम्मींची वेळ येईल तेव्हा, ती उशिरा येवो, त्यांना गावीच न्यायचे. रात्र असो, पाऊस असो. गाडीवाल्याचा नंबर लिहून ठेवला आहे आणि भावालाही सांगितले आहे. आमचे मात्र इथेच. मुलांना साडेतीनशे किलोमीटर धावायला लावायचे नाही. फातेहाला त्यांना शिफ्ट सुटल्यावर चालत येता आले पाहिजे. गावचे घर विकायचे नाही, त्यात भाऊ राहील. आणि परतीचे साल यापुढे मांडायचे नाही. बत्तीस वर्षे जमा-खर्चाच्या वहीत शेवटच्या ओळीत ते लिहीत होतो. या वेळी ती ओळ कोरी ठेवली.

अन्सारांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे, वर्कशॉप अशी हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. बांधकामे बेकायदा होती हे खरे. तिथे रोजावर काम करणारी आणि तिथेच झोपणारी मुले होती हेही खरे. त्यांतली सात-आठ जण ओळखी काढत आमच्या गल्लीत आली. मशिदीत जमातीच्या लोकांनी त्यांच्या जेवणाची पाळी लावली. भोसरीकर मालकांनी गच्चीवरची खोली महिनाभर दिली आणि भाडे विचारले नाही. त्यांतली तीन मुले अजून वरच राहतात, चाकणला कामाला जातात. दोघे झारखंडचे, एक बिहारचा. आम्हाला ते चाचा म्हणतात. खोली बघायला जाताना ‘भाऊ, खोली आहे का?’ एवढे तरी मराठीत विचारायचे, हे आम्ही त्यांना शिकवले. आता ते अम्मींनाही मराठीत ‘जेवलात का?’ विचारतात आणि अम्मी त्यांना दखनीत उत्तर देतात. ३१ डिसेंबरला त्यांतला धाकटा म्हणाला, “चाचा, बस एक-दो साल और, फिर घर.” आम्ही म्हटले, “इन्शाअल्लाह.” आणि त्याला सांगितले की, तोवर इथल्या पत्त्यावर रेशनकार्ड आणि बँकेचे खाते करून घे. एक-दोन वर्षांनाही पत्ता लागतो.

नव्या वर्षाकडून आमचे मागणे फार नाही. मुलीला ब्रेकऐवजी नेमणूकपत्र मिळावे. गच्चीवरच्या पोरांनाही मिळावे, कायद्यात आले आहे ते गेटवरही यावे. चाकणचा रस्ता रुंद व्हावा, म्हणजे घरी यायला लागणारे दोन तास वाचतील. प्रेसवर कोणाचे बोट जाऊ नये. ‘गाव कुठलं?’ हे लोकांनी जरूर विचारावे, पण एकदाच विचारावे आणि पहिल्या उत्तरावर चहा सांगावा. २०२६ मध्येही गुढीपाडवा १९ मार्चला आणि रमजान ईद त्याच आठवड्यात. वाट्यांची ये-जा पुन्हा जोडून होईल. स्टॉकची मोजणी मात्र या वेळी ईदच्या दिवशी नाही, तेवढी सवलत चाँदने दिली आहे.

मुलाने परवा कॉलेजच्या एका फॉर्मवर ‘मूळ गाव’ या रकान्यात काय लिहू, असे विचारले. दोन्ही लिही म्हटले. जागा एकाचीच आहे, असे तो म्हणाला. बारीक अक्षरात लिही म्हटले. त्याने लिहिले, आणि मावले.

जे जे परगावी आहेत, भोसरीत, चाकणात, मुंबईत, मस्कतला, आणि जे त्यांची गावी वाट बघत आहेत, त्या सगळ्यांना अल्लाह सुखरूप ठेवो. नवे साल, ज्याला जे आपले वाटते ते, मुबारक.